कामगार आणि प्रशासकीय कायद्यातील पॅरालीगल प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिक्षणाला येणारे, येऊ पाहणारे आणि शिकून बाहेर पडलेले असे सगळेच प्रश्न पाठवत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॅरालीगल म्हणजे नक्की कोण? वकिलाचा कारकून आणि पॅरालीगल एकच का?

आपल्याकडे या नावाखाली तीन प्रकारची माणसं काम करतात. पहिली म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नाल्साने, २००९ साली ही योजना आणली आणि जिल्हा व तालुका पातळीवर निवड होते. दुसरे वकिलांच्या ऑफिसात किंवा कंपनीच्या एचआर आणि लीगल खात्यात पगारावर काम करणारे. तिसरे कामगार संघटना आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते. वकिलाचा कारकून दुसऱ्या गटाचा जुना सदस्य म्हणता येईल. फायलिंग, तारखा आणि नकला यांत त्याचा हात धरणारा कुणी नाही. पॅरालीगलकडून याच्या आधीच्या टप्प्याचीही अपेक्षा असते: माणसाचं ऐकणं, कागद लावणं आणि प्रकरण कुठल्या दारात न्यायचं ते ओळखणं.

२. शिक्षण किती लागतं? कुठला कोर्स करू?

परवाना देणारी कुठलीही संस्था भारतात नाही. त्यामुळे ‘सरकारमान्य पॅरालीगल लायसन्स’ अशी जाहिरात दिसली की पाकीट खिशातच ठेवा. विधी स्वयंसेवक होण्यासाठी साक्षर असणं पुरतं, दहावी असल्यास प्राधान्य मिळतं आणि प्रशिक्षण मोफत असतं. बारावी झालेल्यांना इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा आहे. पदवीधरांसाठी विधी महाविद्यालयांत कामगार कायदे व कामगार कल्याण हा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, ज्याला सगळे ‘डीएलएल’ म्हणतात. एचआरमध्ये नोकरी हवी असेल तर माझं मत डीएलएलच्या बाजूने आहे. वस्तीत, संघटनेत काम करायचं असेल तर आधी स्वयंसेवक व्हा. कागद हाताळायची सवय तिथेच लागते.

३. पॅरालीगलला काय करता येत नाही?

वकिली. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार न्यायालयात व्यवसाय म्हणून बाजू मांडण्याचा हक्क नोंदणीकृत वकिलालाच आहे. बेकायदा वकिली करणाऱ्याला कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माहिती देणं, अर्ज लिहून देणं, तारखांचा तक्ता करणं, कार्यालयात सोबत जाणं हे चालतं. ‘तुमची केस शंभर टक्के जिंकणार’ असं सांगणं चालत नाही. ते तर वकिलानेही सांगू नये.

गंमत म्हणजे कामगार कायद्यात काही ठिकाणी वकिलालाच दार बंद असतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे समेटाच्या कामकाजात वकील चालत नसे आणि आताच्या औद्योगिक संबंध संहितेतही (प्रश्न ५ पाहा) चालत नाही. कामगार न्यायालयातही समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. युनियनचा पदाधिकारी मात्र कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो. तुम्ही संघटनेत असाल तर पदाधिकारी म्हणून तुमची नोंद आहे का, ते आधी बघून घ्या.

४. कामगार कायदा आणि प्रशासकीय कायदा एकत्र का शिकवता? दोन वेगळे विषय आहेत ना?

पुस्तकात वेगळे आहेत, पण समोर आलेल्या माणसाच्या पिशवीत ते एकत्रच असतात. बांधकाम मजुराला बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळत नाही ही कामगार अडचण झाली. दाखला जोडूनही अर्ज पडून राहिला तर ती प्रशासकीय अडचण. मजूर तोच आणि खेटेही त्याच ऑफिसचे.

शिवाय ‘नोकरीवरून काढलं’ या एकाच तक्रारीला मालक कोण यावर वेगवेगळी दारं आहेत. राज्य सरकारी कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे मॅटमध्ये जातो. मॅट मुंबईत १९९१ पासून आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत. केंद्राचा कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे कॅटमध्ये जातो. एसटीचा चालक-वाहक सरकारी वाटला तरी तो महामंडळाचा नोकर असल्यामुळे त्याचं प्रकरण कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात चालतं. जिल्हा परिषदेचा कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाही. अनुदानित खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला बडतर्फ केलं तर तिला शाळा न्यायाधिकरण आहे आणि तिथे अपिलाला फक्त तीस दिवस मिळतात. राष्ट्रीयीकृत बँकेचा शिपाई राज्याच्या कामगार आयुक्ताकडे गेला तर त्याला केंद्रीय कामगार आयुक्ताकडे पाठवतात.

म्हणून पहिल्या भेटीत पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा विचारू नका. ‘पगार कोणाच्या सहीने निघतो?’ हे विचारा.

५. चार कामगार संहिता लागू झाल्या. जुनी पुस्तकं रद्दीत टाकू का?

टाकू नका. वेतन संहिता २०१९ आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा या २०२० च्या तीन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले. पण त्या तारखेआधी निर्माण झालेला हक्क किंवा आधीच चालू असलेलं प्रकरण साधारणपणे जुन्या कायद्यानेच तपासलं जातं. पुढची काही वर्षं तुमच्या टेबलावर दोन्ही कायदे असणार. शिवाय राज्याचे स्वतःचे कायदे वेगळे आहेत: अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा कायदा, १९६९ चा माथाडी कायदा, २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. संहिता आली म्हणून हे आपोआप पुसले गेले असं धरून चालू नका.

प्रकरणाच्या पहिल्या पानावर घटनेची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. कुठला कायदा उघडायचा ते त्या तारखेवर ठरतं.

६. पहिल्या भेटीत कुठले कागद मागायचे? माणसाकडे नेमणूकपत्रच नसतं.

बहुतेकांकडे नसतंच. सिक्युरिटी गार्ड, हाउसकीपिंग आणि कंत्राटी कामगार यांच्याकडे तर जवळजवळ कधीच नसतं. तरी निराश होऊ नका, पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. बँकेचं पासबुक बघा. पगार जमा झालेल्या ओळीत पाठवणाऱ्याचं नाव असतं. कामगार म्हणतो ‘मी कंपनीत आहे’ आणि पासबुक एखाद्या एंटरप्रायझेसचं नाव दाखवतं, म्हणजे ठेकेदार सापडला. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या कार्डावरून मालकाचा कोड मिळतो. भविष्यनिर्वाह निधीचं ऑनलाइन पासबुक काढलं तर कुठल्या महिन्यात कुठल्या आस्थापनेने पैसे भरले ते महिनावार दिसतं. ठेकेदार बदलला की तिथलं नाव बदलतं, माणूस मात्र त्याच गेटवर उभा असतो. गेटपास, ओळखपत्र, सुपरवायझरचे ड्युटीचे मेसेज, दिवाळीच्या बोनसचं पाकीट, काहीही टाकून देऊ नका.

मग एका पानावर चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, कागद कोणता, पोच आहे का. चौथा रकाना रिकामा राहिला तिथे प्रकरण लंगडं आहे असं समजा. मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवू नका. झेरॉक्स घ्या आणि मूळ त्याच बैठकीत परत करा.

७. कुठल्या कामाला किती मुदत? एकदाच सांगून टाका.

सगळ्या मुदती इथे मावणार नाहीत. ज्या चुकल्यामुळे सर्वात जास्त नुकसान होतं, त्या या:

अनुचित कामगार प्रथेची तक्रार (१९७१ चा कायदा): घटनेपासून ९० दिवस. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण कारण सिद्ध करावं लागतं.

खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्याचं अपील: ३० दिवस.

मॅट: अंतिम आदेशापासून एक वर्ष (प्रश्न १२ पाहा).

लैंगिक छळाची तक्रार: ३ महिने, समितीने कारण मान्य केलं तर आणखी ३.

माहिती अधिकार: उत्तर ३० दिवसांत, पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत.

वेतन संहितेखालील थकीत पगाराचा दावा: ३ वर्षं.

मोजताना आदेशाचा दिवस सोडून द्या. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतं. पण त्याच्या भरवशावर राहू नका. आदेशाचा दिनांक आणि आदेश हातात पडल्याचा दिनांक वेगळे असतात, म्हणून पाकीट जपून ठेवा. त्यावरचा टपालाचा शिक्का हा पुरावा असतो.

८. माझं पद ‘मॅनेजर’ होतं. मी कामगार नाही म्हणून मला दारच नाही का?

व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय त्याला फार महत्त्व नाही, प्रत्यक्ष काम काय करत होता ते बघतात. रजा मंजूर करत होता का, कुणाला कामावर घ्यायचा वा काढायचा अधिकार होता का, की ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणून दिवसभर एक्सेलमध्ये नोंदीच करत होता? व्यवस्थापकीय काम करणारे कामगार व्याख्येबाहेर जातात. पर्यवेक्षक मात्र ठरावीक पगारापुढेच बाहेर जातो. जुन्या कायद्यात ही मर्यादा दहा हजार रुपये होती, औद्योगिक संबंध संहितेत ती अठरा हजार आहे. व्याख्येबाहेर असलात तरी ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि लैंगिक छळविरोधी कायदा लागू होतोच. वेतन संहितेतही ‘कर्मचारी’ ही व्याख्या ‘कामगारा’पेक्षा मोठी आहे.

९. ग्रॅच्युइटी किती मिळेल? चार वर्षं आठ महिने झाले, मिळेल का?

सूत्र असं: शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये आहेत आणि सेवा १२ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे १३ वर्षं. उत्तर १,३५,००० रुपये. कमाल मर्यादा २० लाख. नव्या संहितेत भत्ते निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवतात, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम कमी दाखवणाऱ्या पगारपत्रकांचा हिशेब बदलतो. रक्कम तीस दिवसांत द्यायची असते.

पाच वर्षांची अट मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास लागत नाही. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसालाही एका वर्षानंतर त्या प्रमाणात हक्क मिळतो. चार वर्षं आठ महिन्यांबद्दल सांगायचं तर पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की सेवा पूर्ण धरावी, असं मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मानलं. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण मुद्दा मांडता येतो. पक्षकाराला ‘मिळणारच’ म्हणू नका, ‘मागून बघू’ म्हणा.

१०. केबिनमध्ये बसवून राजीनाम्यावर सही घेतली. आता काय?

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लेखी कळवा की राजीनामा दबावाखाली घेतला आणि मी तो मागे घेत आहे. ईमेल पाठवा, शिवाय स्पीड पोस्टही. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं.) राजीनामा लागू होण्यापूर्वी साधारणपणे मागे घेता येतो. दोन महिने गप्प राहून, फुल अँड फायनलचे पैसे खात्यात घेऊन नंतर ‘जबरदस्ती झाली’ म्हटलं तर पटवणं फार जड जातं. सही घेतली हे मान्य करून वर्षअखेरीस आलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. त्यांच्या पत्रात दोष नसतो, पत्राच्या तारखेत असतो.

राजीनामा खरा असो वा नसो, वेतन संहितेनुसार थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवं. ‘४५ दिवसांनी एफएनएफ’ हे कंपनीचं धोरण झालं, कायदा नाही.

११. ऑफिसवाले अर्जच घेत नाहीत. ‘साहेब आल्यावर या’ म्हणतात.

मग साहेबांची वाट बघू नका. प्रत्येक शासकीय कार्यालयात आवक शाखा असते, मंत्रालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तिला बारनिशी म्हणतात. अर्ज दोन प्रतींत न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कारकून नुसता शिक्का मारून देतो, क्रमांक लिहीत नाही. तिथेच उभं राहून क्रमांक लिहून घ्या, कारण पुढे माहिती अधिकारात विचारताना तोच लागतो. अर्ज नाकारलाच तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि वर एक ओळ लिहा: ‘आज समक्ष दिला असता स्वीकारला नाही.’

१२. मॅटमध्ये जायचंय, पण आधी निवेदन दिलंय. मुदत त्या उत्तरापासून मोजायची ना?

इथे चांगले चांगले चकतात. नियमात अपिलाची किंवा निवेदनाची तरतूद असेल तर आधी ते करावं लागतं. त्यावर सहा महिने निर्णय आला नाही, तर त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष मिळतं. नियमात तरतूद नसलेली निवेदनं तुम्ही कितीही दिलीत तरी मुदत थांबत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोर प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलं. स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन लिहीत बसलेल्या कर्मचाऱ्याची फाइल जाड होते आणि दावा मुदतबाह्य होतो. मॅटच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं. तो मार्ग १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने खुला केला.

१३. माहिती अधिकार, सेवा हक्क आणि दफ्तर दिरंगाई, यांतलं काय वापरू?

दाखला, परवाना किंवा नोंदणी हवी असेल आणि ती सेवा अधिसूचित असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. मुदत उलटली की तीस दिवसांत पहिलं अपील करा. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपले सरकार पोर्टलचा टोकन क्रमांक जपा.

फाइल कुठे अडकली हे कळत नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क दहा रुपये, पहिल्या अपिलाला वीस. ‘माझं काम का केलं नाही?’ असं विचारू नका. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिप्पणीची आणि फाइल हालचाल नोंदवहीची प्रत मागा. खाजगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पण कामगार कार्यालयात तिच्याबद्दल असलेले तपासणी अहवाल मागता येतात. सहकाऱ्याच्या सेवापुस्तकाची मागणी मात्र बहुधा वैयक्तिक माहिती म्हणून फेटाळली जाते.

दफ्तर दिरंगाई म्हणजे बदल्यांबाबतचा २००५ चा कायदा. एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात आहे. तक्रारीत हे वाक्य लिहिलं की टेबलावरची फाइल कधी कधी हलते. एरवी तो कायदा फारसा कुणाला आठवत नाही.

१४. आदेशात कारणच दिलेलं नाही. ‘अमान्य’ एवढाच शेरा आहे.

तो आदेश जसाच्या तसा जपा, त्यावर पेनाने काही लिहू नका. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं जोडता येत नाहीत. त्यामुळे कोरा शेरा ही तुमच्या बाजूची गोष्ट ठरू शकते. सुनावणी दिली होती का, नोटीस मिळाली होती का, हे दोन मुद्दे तक्त्यात (प्रश्न ६) वेगळे नोंदवा.

१५. विभागीय चौकशीत किंवा लैंगिक छळाच्या समितीपुढे मी सोबत बसू शकतो का?

राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या चौकशीत (शिस्त व अपील नियम, १९७९) तो दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याचं साहाय्य घेऊ शकतो. बाहेरच्या पॅरालीगलला तिथे जागा नाही. पण दोषारोपपत्राचं उत्तर तयार करणं, साक्षीदारांची यादी करणं आणि चौकशी अहवालाची प्रत मागणारा अर्ज लिहिणं हे तुमचंच काम आहे. अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क १९९३ च्या करुणाकर निकालाने पक्का केला आहे.

लैंगिक छळाच्या अंतर्गत समितीपुढे कुणालाच वकील आणता येत नाही. तक्रार लिहायला मदत करा, तक्रारदार बाईंचे शब्द मात्र बदलू नका. तुम्ही ‘सुधारलेली’ भाषा उलटतपासणीत त्यांच्याच अंगावर येते. आस्थापनेत दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हे दार खुलं आहे.

१६. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतात का?

चालतात, पण नुसती प्रिंट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ मेसेज फोनमधून डिलीट करू नका, फोन विकू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. मधलेच दोन मेसेज कापून आणले की समोरचा वकील आधी त्याच कात्रीबद्दल विचारतो.

१७. पक्षकाराने मला सांगितलेलं गुपित राहतं का?

वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते वकिलाच्या कारकुनापर्यंत पोचतं. स्वतंत्र स्वयंसेवक कलमाच्या शब्दांत बसत नाही. म्हणून नको असलेला तपशील वहीत लिहून ठेवू नका. गंभीर कबुलीजबाब येतोय असं दिसलं की तिथेच थांबवा आणि वकिलाकडे न्या.

१८. मोफत वकील कोणाला मिळतो?

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतल्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. ‘नवऱ्याचा पगार चांगला आहे’ म्हणून बाईला परत पाठवत असतील तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा.

१९. काम झाल्यावर पक्षकार खुशीने पाचशे रुपये देतो. घ्यावे का?

विधी स्वयंसेवक असाल तर घेऊ नका. प्राधिकरणाकडून दिवसाचं मानधन मिळतं, पक्षकाराकडून पैसे घेतल्यास नाव यादीतून जातं. संस्थेत किंवा ऑफिसात पगारावर असाल तर पैसे संस्थेच्या पावतीवरच. झेरॉक्स, टपाल आणि तिकिटाचा खर्च पक्षकारानेच परस्पर करावा. तुम्ही खिशातून केलात तर त्याच दिवशी आकडा तक्त्याच्या खाली लिहून त्याची सही घ्या. पेढे आणले तर मात्र खा, नाही म्हटलेलं लोकांना आवडत नाही.